गेमिंग टॅब घेताना विसावं मिनिट बघा

गेमिंगसाठी टॅब घ्यायला निघालेला माणूस दुकानात साधारण दोनच गोष्टी विचारतो: प्रोसेसर कोणता आणि हर्ट्‌झ (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो) किती. हे दोन्ही आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात आणि गेम सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं खरेही ठरतात. मग टॅब तापतो, चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते आणि सेकंदाला ९० फ्रेमवर, म्हणजे ९० चित्रांवर, सुरळीत चाललेला गेम ऐन शेवटच्या झोनमध्ये ५५ वर येऊन अडखळतो. बीजीएमआयची (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया या गोळीबाराच्या गेमची) पूर्ण मॅच अर्ध्या तासाच्या आसपास जाते. म्हणजे विसाव्या मिनिटाला टॅब काय करतो हे कळल्याशिवाय पैसे मोजण्यात अर्थ नाही. ते कसं तपासायचं हे पुढे आहे. त्याआधी आकार ठरवा, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून असतं.

हातात धरून की टेबलावर ठेवून?

हातात धरून खेळायचं असेल तर ८ ते ९ इंचाच्या वर जाऊ नका. लेनोव्होचा लीजन टॅब ८.८ इंचाचा, वजन साडेतीनशे ग्रॅमच्या घरात. रेडमॅजिकचा अ‍ॅस्ट्रा ९.०६ इंचाचा, त्यात ओलेड पडदा. आयपॅड मिनी ८.३ इंचाचा आणि २९३ ग्रॅमचा, म्हणजे सगळ्यांत हलका. पण त्याचा डिस्प्ले ६० हर्ट्‌झवर थांबतो, त्यामुळे वेगवान शूटर गेमसाठी तो मनात भरत नाही. गेन्शिन इम्पॅक्टसारख्या गेमला मात्र तो छान पुरतो.

११ इंच आणि त्यावरचे टॅब साधारण अर्धा किलो किंवा त्याहून जड असतात. शाओमी पॅड ७ बरोबर ५०० ग्रॅमचा आहे, वनप्लस पॅड २ (१२.१ इंच) ५८४ ग्रॅमचा. खरेदीआधी घरी एक चाचणी करा. अर्धा किलो साखरेचं पाकीट दोन्ही हातांत छातीसमोर धरा आणि अंगठे मोकळे ठेवून वीस मिनिटं बसा. मनगटं कुरकुरली, तर मोठा टॅब तुम्ही टेबलावर तिरका ठेवूनच वापरणार. त्यात वाईट काही नाही. सहा बोटांनी खेळणारे तसंच खेळतात. पण मग स्टँडचे पैसेही धरून चाला, आणि स्टँड असा घ्या की बोटांच्या दाबाने टॅब मागे सरकणार नाही. फोनसाठीचे घडीचे प्लास्टिक स्टँड इथे कामाचे नाहीत.

आकाराइतकंच पडद्याचं प्रमाणही महत्त्वाचं. 'आयपॅड व्ह्यू'ची जी चर्चा चालते ती ४:३ या प्रमाणाची. अशा पडद्यावर वर-खाली जास्त दिसतं आणि माणसंही मोठी दिसतात. अँड्रॉइडमधले बरेच टॅब १६:१० चे असतात. शाओमी पॅड ७ हा ३:२ चा आणि वनप्लस पॅड २ हा ७:५ चा, म्हणजे आयपॅडच्या जवळ जाणारे. स्पर्धा खेळायचा विचार असेल, तर त्या स्पर्धेची नियमावली आधी वाचा. फोनपुरत्या स्पर्धा पुष्कळ असतात आणि तिथे टॅब चालत नाही.

चिप, हर्ट्‌झ आणि खोक्यावर न छापलेलं

नावातला एखादा 'प्लस' किती फरक पाडतो याचं चांगलं उदाहरण म्हणजे स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८ प्लस जेन १. पहिली सॅमसंगच्या कारखान्यात बनली आणि तापण्यासाठी बदनाम झाली. दुसरी टीएसएमसीने बनवली. रचना जवळपास तीच, पण उष्णता बरीच कमी. म्हणून जुना, स्वस्त झालेला टॅब घेताना ८ प्लस जेन १ बिनधास्त घ्या, नुसती ८ जेन १ असेल तर दोनदा विचार करा. नवीन घेताना ८ जेन ३ किंवा ८ इलाइट असेल तर पुढची काही वर्षं चिंता नाही. मधल्या किमतीत ७ प्लस जेन ३ चांगली चालते. हेलिओ जी९९ वाल्या स्वस्त टॅबवर बीजीएमआय 'स्मूथ' ग्राफिक्सवर खेळता येतो, पण गेन्शिनची अपेक्षा ठेवू नका.

१४४ हर्ट्‌झचा पडदा म्हणजे पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलू शकतो, इतकंच. गेम तितक्या फ्रेम देतो की नाही, ही वेगळी बाब. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये 'हाय' म्हणजे ३० फ्रेम, 'अल्ट्रा' ४०, 'एक्स्ट्रीम' ६०, 'एक्स्ट्रीम प्लस' ९० आणि 'अल्ट्रा एक्स्ट्रीम' १२०. शेवटचे दोन पर्याय गेमने मान्य केलेल्या मॉडेलवरच दिसतात. टॅब १६५ हर्ट्‌झचा असून गेमने त्याला ६० वरच ठेवलं, तर जास्तीचे पैसे फक्त स्क्रोल करण्यात गेले. म्हणून तुमच्या गेमचं नाव आणि टॅबचं नेमकं मॉडेल एकत्र टाकून, सेटिंगचं पान दाखवणारा एखादा ताजा व्हिडिओ शोधा. हिशेबही लक्षात ठेवा: ६० वर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, ९० वर ११.१, १२० वर ८.३ आणि १४४ वर ६.९. ६० वरून ९० वर गेल्यावर फरक हाताला लगेच जाणवतो. १२० वरून १४४ वर गेल्याचा बहुतेकांना कळतही नाही.

खोक्यावरून सहसा नीट न कळणाऱ्या तीन गोष्टी मुद्दाम विचारा.

जायरोस्कोप. टॅब कसा वळतोय हे ओळखणारा सेन्सर. बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये तो नसतो. फक्त अ‍ॅक्सेलरोमीटर असतो आणि त्यावर पडदा आडवा-उभा होतो. दुकानदार "सेन्सर आहे ना" म्हणतो ते यालाच. जायरोवर नेम धरायची सवय असेल तर असा टॅब तुमच्या उपयोगाचा नाही.

स्टोरेजचा प्रकार. ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) असेल तर सोडून द्या, मॅप उघडेपर्यंत बाकीचे उडी मारून उतरलेले असतात. यूएफएस (वेगवान प्रकार) ३.१ किंवा ४.० हवं. गेन्शिन एकटाच तीसेक जीबी खातो, त्यामुळे १२८ जीबी लवकर भरतं, २५६ घ्या. मेमरी कार्डची खाच फोटो-व्हिडिओसाठी ठीक, गेम कार्डवर हलवण्याच्या भानगडीत पडू नका.

रॅम. ८ जीबी किमान, १२ असेल तर उत्तम. '८ + ८ व्हर्च्युअल' म्हणजे ८ च. तो दुसरा ८ स्टोरेजमधून उसना घेतलेला असतो आणि गेमला त्याचा उपयोग नाही.

बॅटरीचा आकडाही नुसता बघू नका. मिलिअँपिअर-तासाला ३.८५ ने गुणून १००० ने भागलं की वॉट-तास मिळतात. ६५५० म्हणजे सुमारे २५, ९५१० म्हणजे साधारण ३६.५. जड गेम सहा वॉट ओढतो असं धरलं, तर पहिला चार तास चालेल, दुसरा सहा. मात्र मोठा पडदा जास्त वीज खातो, त्यामुळे प्रत्यक्षात एवढं अंतर पडत नाही.

हातात आल्यावर करायच्या चाचण्या

परत करायची मुदत संपायच्या आत या चाचण्या उरका. दुकानातला डेमो टॅब मिळाला तर पहिली चाचणी तिथेच होते.

१. सेटिंगमध्ये 'अबाउट टॅबलेट' उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा. डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे 'पॉइंटर लोकेशन' चालू करा. आता वर एक पट्टी येते, तिच्यात डावीकडे 'पी' पुढे दोन आकडे दिसतात: आत्ता किती बोटं टेकली आहेत आणि सर्वाधिक किती टेकली होती. एकेक करत बोटं टेकवा, निदान पाच तरी मोजली गेली पाहिजेत. मग एका बोटाने सावकाश, कडेला कड लावून, शेत नांगरल्यासारख्या रेघा मारा. रेघ जिथे तुटते किंवा वाकडी उडते, तिथे टच मेलेला आहे. वापरलेला टॅब घेताना ही दोन मिनिटांची चाचणी टाळू नका. खराब पट्टी बहुधा खालच्या कोपऱ्यांत सापडते, नेमकी जॉयस्टिक आणि फायर बटण असतात तिथे.

२. त्याच यादीत 'शो रिफ्रेश रेट' चालू करून गेम उघडा. आकडा १२० किंवा १४४ वरून ६० वर आला, तर टॅबच्या गेम मोडमध्ये त्या गेमसाठी वेग वाढवायची सोय आहे का ते बघा. नसेल तर तो गेम तिथेच अडकणार.

३. आता विसाव्या मिनिटाची परीक्षा. थ्रीडीमार्क अ‍ॅप टाका आणि त्यातली 'वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट' लावा. ती एकच मिनिटभराचं दृश्य २० वेळा फिरवते. एसी बंद, कव्हर काढलेलं, बॅटरी ५० टक्क्यांच्या वर, चार्जर लावलेला नाही, अशा स्थितीत चालवा. शेवटी 'स्टॅबिलिटी' टक्क्यांत मिळते: सगळ्यांत वाईट फेरी सर्वोत्तम फेरीच्या किती टक्के झाली ते. ८० च्या वर असेल तर टॅब टिकणारा आहे. ६० च्या आसपास असेल तर जाहिरातीतला वेग पाहुण्यासारखा येऊन जातो. एक खाचखळगा इथेही आहे: कमजोर चिपची स्टॅबिलिटी ९५ टक्के येऊ शकते, कारण ती तापेपर्यंत पळतच नाही. म्हणून टक्के एकटे बघू नका, सगळ्यांत खालच्या फेरीचा स्कोअर दोन टॅबमध्ये ताडून बघा.

४. जायरो आणि स्पीकर. ट्रेनिंग ग्राउंडवर जाऊन टॅब स्थिर ठेवा. नेम आपोआप सरकत असेल तर सेन्सर कॅलिब्रेट करा, तरीही सरकला तर टॅब परत करा. आडवा धरल्यावर तळहाताने स्पीकर झाकले जातात का, तेही बघून घ्या.

उष्णता आणि चार्जिंग

अ‍ॅपल आपल्या आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस हवामान सांगते. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कूलरसमोर बसूनही खोली पस्तिशीच्या खाली येत नसेल, तर कितीही महाग टॅब वेग उतरवणारच आणि पडदाही आपोआप मंद करणार. त्या दिवसांत दुपारी ९० ऐवजी ६० फ्रेमवर खेळा. एकसारखे ६० फ्रेम वर-खाली होणाऱ्या ९० पेक्षा चांगला नेम देतात. फ्लिप कव्हर खेळताना काढून ठेवा. मागची धातूची पाठ हीच टॅबची मुख्य उष्णता सोडणारी जागा असते आणि कव्हर तीच झाकतं. ब्राइटनेस निम्म्यावर आणल्यानेही टॅब लगेच निवळतो. साध्या टेबल फॅनचा झोत पाठीवर येऊ दिला तरी फरक पडतो, आणि त्याला खर्च शून्य.

पाठीला चिकटवायचे पेल्टियर कूलर (विजेवर एका बाजूने थंड होणारी पाटी) बाजारात मिळतात, पण ते फोनसाठी बनवलेले असतात. टॅबची चिप मध्यभागी असेलच असं नाही, बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या बाजूला असते. पंधरा मिनिटं खेळून पाठीवरून बोटांची मागची बाजू फिरवा, सगळ्यांत गरम जागा सापडेल. कूलर तिथे लावा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात मात्र जपून. हवेत दमटपणा इतका असतो की थंड पाटीवर दव धरतं आणि ते पाणी यूएसबीच्या तोंडाशी ओघळतं. अशा दिवसांत कूलर मंद वेगावर ठेवा आणि टॅब गरम झाल्यावरच सुरू करा. थंड टॅबवर लावून ठेवू नका. रेडमॅजिक नोव्हासारख्या टॅबला आतच पंखा असतो. तो खरंच काम करतो, पण माइकवर त्याची घरघर ऐकू येते आणि जाळीत धूळ बसते, ती महिन्याला मऊ ब्रशने झाडावी लागते.

चार्जिंग लावून खेळणं हा टॅब मारायचा सर्वांत सोपा मार्ग. खेळाची आणि चार्जिंगची उष्णता एकाच वेळी बॅटरीवर येते. यावर उपाय म्हणजे बायपास चार्जिंग: वीज बॅटरीत न जाता थेट टॅबला मिळते. लीजन टॅबमध्ये ही सोय आहे. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या काही टॅबमध्ये ती गेम बूस्टरच्या सेटिंगमध्ये 'पॉज यूएसबी पॉवर डिलिव्हरी' या नावाने येते आणि त्यासाठी पीडी चार्जर लागतो; कोणत्याही जुन्या अडॅप्टरवर तो पर्याय दिसतच नाही, आणि लोक समजतात टॅबमध्येच नाही. बायपास खरंच चालू आहे का हे तपासायचं तर चार्जर लावून अर्धा तास खेळा. टक्केवारी जागची हलली नाही तर चालू, वाढत गेली तर नाही. सोय नसेल तर ८० पर्यंत चार्ज करून, चार्जर काढून, ३० पर्यंत खेळा.

लीजन टॅबला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत, त्यातला एक लांब बाजूला. आडवा धरल्यावर केबल खाली जाते, तळहाताला टोचत नाही. ज्या टॅबला एकच पोर्ट आखूड बाजूला आहे, त्याच्यासाठी काटकोनात वळलेल्या तोंडाची केबल घ्या. सरळ तोंडाच्या केबलवर हात टेकून टेकून पोर्ट सैल होतो, आणि पोर्ट बदलायचा खर्च केबलच्या कितीतरी पट.

खेळण्याआधीची मांडणी

चार बोटांनी खेळणाऱ्यांची ठरलेली तक्रार: ऐन चकमकीत गेम थांबतो आणि स्क्रीनशॉट निघतो. कारण बऱ्याच अँड्रॉइड टॅबवर 'तीन बोटांनी स्क्रीनशॉट' चालू असतो. सेटिंगमध्ये 'जेस्चर' शोधून तो बंद करा. कडेवरून बोट गेल्यावर गेममधून बाहेर पडत असाल, तर गेम मोडमधलं जेस्चर लॉक लावा किंवा नेव्हिगेशन तीन बटणांवर आणा. आयपॅडवर 'मल्टिटास्किंग अँड जेस्चर्स' मध्ये चार-पाच बोटांचे जेस्चर बंद करा. मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' मध्ये 'गायडेड अ‍ॅक्सेस' चालू करून ठेवा. गेम उघडल्यावर वरचं बटण तीनदा दाबलं की आयपॅड त्या गेमपुरता बांधला जातो.

फोनवरची बटणांची मांडणी टॅबवर जशीच्या तशी आणू नका. पडदा मोठा झाला की बटणंही फुगतात आणि आतल्या बाजूला सरकतात, अंगठा पोहोचत नाही. टॅब नेहमीच्या पकडीत धरा आणि अंगठा न ताणता जिथवर फिरतो त्या कमानीतच जॉयस्टिक, फायर, स्कोप आणि वाकायचं बटण ठेवा. नकाशा, बॅग, व्हॉइस अशी कमी लागणारी बटणं बाहेर गेली तरी चालतं. सेन्सिटिव्हिटी (बोट सरकवल्यावर नेम किती वळतो ते) एकदम बदलू नका. ट्रेनिंग ग्राउंडवर भिंतीकडे तोंड करून उभे राहा, नेहमीची एक स्वाइप मारा. बरोबर मागे वळता आलं पाहिजे. कमी वळलात तर आकडा पाच-पाचने वाढवा, जास्त वळलात तर उतरवा. जायरोचं सगळ्यांत शेवटी बघा.

घामट हातांना चकचकीत काचेचा गार्ड त्रास देतो, बोट अडकतं. मॅट गार्ड किंवा बोटांच्या जाळीदार टोप्या, दोन्हींतलं एक काहीतरी घ्या. टोप्या धुवाव्या लागतात; मीठ साचलं की टच चुकायला लागतो. फोनच्या कडेला अडकवायचे ट्रिगर (फायरची बटणं) टॅबला बसत नाहीत. आणि कीबोर्ड-माऊस जोडून देणाऱ्या अ‍ॅप्सच्या वाटेला जाऊ नका, खातं बंद होऊ शकतं.

आवाज, नेट आणि वीज

साध्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज सेकंदाचा पाचवा भागही उशिरा येऊ शकतो. पावलं ऐकू येतात तेव्हा माणूस दारात असतो. वायरचे इअरफोन किंवा २.४ गिगाहर्ट्‌झच्या यूएसबी-सी डाँगलवाला हेडसेट घ्या. ३.५ मिमीचा जॅक हल्ली बहुतेक टॅबना नसतो आणि स्वस्तातलं रूपांतर करणारं अडॅप्टर लावलं तरी बऱ्याचदा आवाज येत नाही. कारण त्यात डॅक (डिजिटल आवाज हेडफोनला चालेल असा करणारी चिप) नसतो. डॅकवालं अडॅप्टर मागा.

वायफायवर खेळताना राउटरचं ५ गिगाहर्ट्‌झचं जाळं निवडा. २.४ वर शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह सगळे गर्दी करतात. फोनच्या हॉटस्पॉटलाही ५ गिगाहर्ट्‌झ लावता येतं. अ‍ॅप आपोआप अपडेट होणं बंद ठेवा. पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) अचानक ४० वरून ३०० वर गेला, तर बहुधा त्याचंच काम असतं. जिथे वीज जाते-येते, तिथे राउटरला छोटा मिनी यूपीएस लावावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही असतात, आणि चुकीचा व्होल्ट लावला तर राउटर जळू शकतो.

बाहेरून आणलेला आणि वापरलेला टॅब

लीजन वाय७०० हा लीजन टॅबचा चीनमध्ये विकला जाणारा अवतार, इथे खासगी विक्रेत्यांकडून स्वस्तात मिळतो. यंत्र उत्तम, पण इथे वॉरंटी नाही. विक्रेत्याने स्वतः 'ग्लोबल रॉम' (चीनबाहेरच्या टॅबचं सॉफ्टवेअर) चढवली असेल तर अपडेट येत नाहीत, आणि चुकून अपडेट केलं तर टॅब सुरूच न होण्याची भीती. चिनी रॉम तशीच असेल तर प्ले स्टोअर चालतं का, नोटिफिकेशन वेळेवर येतात का, हे पैसे देण्याआधी तपासा.

वापरलेला आयपॅड घेताना विक्रेत्यासमोरच तो रीसेट करून पुन्हा सुरू करा. जुन्या मालकाचा अ‍ॅपल आयडी विचारला, तर व्यवहार तिथेच थांबवा. ओलेड पडदा असेल तर पूर्ण राखाडी चित्र लावून बघा. नकाशा किंवा आरोग्यपट्टी यांची पुसट सावली दिसली तर तो पडदा भाजलेला आहे. पडद्याची एक कड चौकटीतून किंचित वर आली असेल, किंवा सपाट टेबलावर ठेवून दाबल्यावर टॅब डुलत असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा टॅब चार्जिंगला लावू नका, दाबून पडदा बसवायचा प्रयत्न करू नका आणि स्वतः उघडूही नका. बंद करून थेट सर्व्हिस सेंटरला न्या.